पैसे कमी, तरी रांग मोठी: माणसं कलेचा व्यवसाय का निवडतात?

अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे. काम बेभरवशाचं, पैसे कमी आणि स्पर्धा फार असेल, तर माणसं तिथून काढता पाय घेतात. माणसं घटली की मजुरी वाढते आणि कधीतरी तोल साधतो. नट, चित्रकार, लेखक, गायक, संकलक, छायाचित्रकार यांच्या बाबतीत हा तोल काही केल्या साधत नाही. मालिकेतल्या दोन ओळींच्या भूमिकेसाठीही ऑडिशनला गर्दी होते, मानधन वाढत नाही आणि गर्दीही ओसरत नाही.

याला घरोघरी मिळणारं उत्तर म्हणजे 'वेड असतं एकेकाचं.' हे उत्तर आळशी आहे. या निवडीमागे चांगला रोखठोक हिशेब असतो, फक्त तो सगळा रुपयांच्या रकान्यात मावत नाही. ज्याला हा हिशेब स्वतः मांडता येत नाही, त्याच्या वतीने तो समोरचा मांडतो, आणि अर्थातच स्वतःच्या सोयीने.

काम हाच पगाराचा एक भाग

नेहमीच्या हिशेबात काम म्हणजे कष्ट आणि पगार म्हणजे त्याची भरपाई. ऑस्ट्रेलियन अर्थतज्ज्ञ डेव्हिड थ्रॉस्बी यांनी १९९४ मध्ये कलाकारांसाठी हे गणित उलटं मांडलं. कलाकाराला कलेच्या कामाचे तासच हवे असतात आणि पैसा लागतो तो ते तास टिकवण्यापुरता. यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. साध्या नोकरीत तासाचा दर वाढला की माणूस सहसा जास्त तास काम करायला तयार होतो. कलाकाराच्या जोडनोकरीचा दर वाढला, तर तो त्या नोकरीचे तास कमी करतो. घरभाडं लवकर निघालं, आता उरलेला वेळ आपला, असा विचार असतो.

मराठी रंगभूमीला हे नवं नाही. बँकेत, महापालिकेत, शाळेत नोकरी आणि संध्याकाळी तालीम, यावर हौशी आणि प्रायोगिक नाटकाच्या कितीतरी पिढ्या उभ्या राहिल्या. डॉक्टर नटांची दोन ठळक उदाहरणं समोर आहेत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये, वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. डॉ. मोहन आगाशे मानसोपचाराचे प्राध्यापक राहूनच नट झाले. एकाने नोकरीचे तास शून्यावर आणले, दुसऱ्याने दोन्ही रकाने चालू ठेवले. थ्रॉस्बींच्या चौकटीत दोन्ही निर्णय तितकेच शहाणपणाचे ठरतात. त्यामुळे 'खरा कलाकार नोकरी करत नाही' हे वाक्य ऐकलं की खुशाल दुर्लक्ष करावं.

जर्मनीतल्या कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीतल्या आकड्यांवर २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कलाकार इतर नोकरदारांपेक्षा आपल्या कामावर सरासरीने जास्त समाधानी आढळले. कारणं होती कामातली मोकळीक, विविधता आणि सतत शिकायला मिळणं. हे समाधान म्हणजे पगाराचा न दिसणारा भाग. त्याची किंमत काढताही येते. समजा, एका चित्रकाराला जाहिरात एजन्सीत महिना ६०,००० रुपये मिळाले असते आणि स्वतंत्र कामातून त्याचे सरासरी ३८,००० सुटतात. मधले २२,००० ही त्याने मनाजोगत्या कामासाठी दरमहा मोजलेली रक्कम. ती जास्त की कमी हे ज्याचं त्याने ठरवावं, पण आकडा डोळ्यांसमोर असला पाहिजे. कारण गिऱ्हाइकालाही तो अंदाजाने ठाऊक असतो. 'बजेट कमी आहे, पण काम मस्त आहे, तुमचं नावही होईल' हे वाक्य नेमकं त्या २२,००० च्या भरवशावर टाकलेलं असतं.

आवड मरते कशाने?

मानसशास्त्रात एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची मांडणी बरीच मान्यता पावलेली आहे. माणसाला आतून काम करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला हे जमतं आहे असं जाणवणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. कलेच्या कामात तिन्ही एकत्र सापडण्याची शक्यता जास्त. चित्र पूर्ण झालेलं डोळ्यांना दिसतं. नाटकातला हशा त्याच क्षणी कानावर येतो. पुस्तकावर नाव असतं. मोठ्या कंपनीत वर्षभर राबून आपण नेमकं काय घडवलं हे बोट ठेवून सांगता येत नाही, ही तक्रार घेऊन अनेक जण तिशीनंतर या क्षेत्राकडे वळतात.

याच आवडीचं रोजीरोटीत रूपांतर झालं की काय बिघडतं, हे तीन प्रयोगांमधून छान कळतं. १९७१ मध्ये डेसींनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या सत्रात, सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला. पुढे पैसे बंद केल्यावर, मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणं याच गटात कमी झालं. १९७३ चा प्रयोग तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झाला. चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना 'चित्र काढलंस तर बक्षीस' असं आधीच सांगितलं, काहींना नंतर अचानक बक्षीस दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर आधी कबूल केलेल्या बक्षिसाची मुलं मोकळ्या वेळातला सुमारे ८.६ टक्के भाग चित्रांना देत होती. अचानक बक्षीस मिळालेली १८ टक्के आणि काहीच न मिळालेली साधारण १६.७ टक्के. म्हणजे बक्षिसाने नुकसान केलं नाही, बक्षिसाच्या अटीने केलं.

तिसरा प्रयोग लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८५ मध्ये ७२ लिहित्या तरुणांकडून छोट्या कविता लिहून घेतल्या. दुसऱ्या कवितेआधी एका गटाला आपण का लिहितो याची बाहेरची कारणं (पैसा, नाव, नोकरी) क्रमाने लावायला सांगितली, तर दुसऱ्याला आतली. परीक्षकांना कोणती कविता कुणाची हे माहीत नव्हतं. बाहेरच्या कारणांचा नुसता विचार केलेल्यांच्या कविता आधीपेक्षा फिक्या पडल्या. विचारही काही मिनिटांचाच होता.

यावरून 'कलेत पैसा आणू नये' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे आणि चूक आहे. कामाचं कौतुक म्हणून आलेला किंवा अनपेक्षित मोबदला आवड मारत नाही. मारतं ते नियंत्रण: सातव्यांदा बदललेलं ब्रीफ (गिऱ्हाइकाच्या कामाबद्दलच्या सूचना), 'लोगो जरा मोठा करा', मालिकेच्या चॅनेलकडून आदल्या रात्री आलेला नवा प्रसंग. त्यामुळे व्यवहारात दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, कोटेशनमध्ये फेरबदलाच्या फेऱ्या मोजून लिहाव्यात. उदाहरणार्थ, दोन फेऱ्या दरात धरलेल्या, तिसरीपासून मूळ रकमेच्या १५ टक्के जादा. यामुळे पैसे वाढतात हे आहेच, पण फेऱ्याच कमी होतात हा खरा फायदा. दुसरी, आठवड्यातले चार-पाच तास असे ठेवावेत ज्यांतलं काम कुणी मागितलेलं नाही आणि सोशल मीडियावरही टाकायचं नाही. ही चैन वाटते, पण तो भांडवलाचा देखभाल खर्च आहे.

लॉटरीचं तिकीट आणि दुधाचा रतीब

दुसरं मोठं कारण म्हणजे शिखराची ओढ. तरुण माणसं स्वतःच्या नशिबाबद्दल जरा जास्तच आशावादी असतात आणि व्यवसाय निवडतात नेमके त्याच वयात, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलं आहे. १९८१ मध्ये अर्थतज्ज्ञ शर्विन रोझेन यांनी त्यात बाजाराची बाजू जोडली. ध्वनिमुद्रण, चित्रपट, प्रक्षेपण यांमुळे एकच कलाकार लाखोंपर्यंत पोचू शकतो. मग दुसऱ्या क्रमांकाचा गायक थोड्या कमी पैशांत मिळत असला तरी ऐकणारा त्याच्याकडे का जाईल? गुणांतला थोडासा फरक मिळकतीत प्रचंड होतो. वरच्या काही नावांची कमाई बातम्यांमध्ये दिसते, खालच्या हजारोंची कुठेच छापून येत नाही.

या जोडीला नशीब. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये १४,००० हून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली आणि आवडलेली डाउनलोड करायची मुभा दिली. लोकांना आठ स्वतंत्र गटांत वाटलं होतं. आधीच्यांनी काय उतरवून घेतलं हे आपापल्या गटापुरतंच दिसत होतं. प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर चढली. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार सहसा शिखरावर गेली नाहीत. मधल्या सगळ्यांचं काय होईल हे सांगता येत नव्हतं. आपण बहुतेक जण या 'मधल्या' पट्ट्यात असतो. म्हणून एका फसलेल्या नाट्यप्रयोगावरून स्वतःची पारख करू नये, आणि एका गाजलेल्या मालिकेवरून तर मुळीच करू नये. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण पाठोपाठ मोठ्या गाडीचं कर्ज येतं.

मधल्या पट्ट्यात मिळकत का वाढत नाही, याचं उत्तर अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये दिलं. यंत्रं सुधारली की कारखान्यात कमी माणसांत जास्त माल निघतो आणि पगार वाढवणं परवडतं. आठ पात्रांच्या दोन अंकी नाटकाला पन्नास वर्षांपूर्वी आठ नट आणि अडीच तास लागत, आजही तेवढेच लागतात. नाट्यगृहाचं भाडं, बसचं डिझेल, जाहिरातीचा दर मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढत राहतो. तिकीट एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. मग कात्री लागते ती पात्रांच्या संख्येला, नेपथ्याला आणि मानधनाला. व्यावसायिक रंगभूमीवर दोन-तीन पात्रांची नाटकं निर्मात्यांना का भावतात, याचं एक कारण इथे आहे.

नटाला पैसे प्रयोगागणिक मिळतात, त्याला 'नाईट' म्हणतात. समजा नाईट ३,००० रुपये. तालमी ३० दिवस, रोज चार तास, म्हणजे १२० तास. त्यांचे वेगळे पैसे धरलेले नाहीत. एका प्रयोगाला प्रवास, मेकअप धरून दहा तास जातात. नाटक २० प्रयोगांत बंद पडलं तर ३२० तासांचे ६०,००० रुपये, ताशी १८७. नाटक चाललं आणि १०० प्रयोग झाले तर १,१२० तासांचे तीन लाख, ताशी २६८. प्रयोग पाचपट झाले आणि ताशी मिळकत दीडपटही झाली नाही. म्हणून जास्त प्रयोगांच्या आशेवर कमी नाईट कबूल करणं हा वाईट सौदा आहे. पन्नासाव्या प्रयोगानंतर नाईट किती वाढेल हे पहिल्या वाचनाआधी बोलून घ्यावं. नाटक गाजल्यावर तो विषय काढणं संकोचाचं होतं, आणि निर्मात्याला तो संकोच सोयीचा असतो.

निवड सगळ्यांना सारखी नसते

'आवड असेल तर वाट मिळते' हे म्हणणाऱ्याच्या मागे बहुधा कुणाचा तरी पगार असतो. अर्थतज्ज्ञ कॅरोल बोरोविएत्स्की यांनी अमेरिकेच्या १८५० पासूनच्या जनगणनेतल्या नोंदी तपासल्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दर १०,००० डॉलरने वाढलं, की घरातलं कुणी कलेच्या पेशात जाण्याची शक्यता साधारण दोन टक्क्यांनी वाढते, असं त्यांना दिसलं. आपल्याकडेही शहरात स्वतःचं घर असणं ही कलाकाराची सर्वांत मोठी शिष्यवृत्ती आहे. नांदेडहून किंवा चंद्रपूरहून मुंबईत आलेल्या मुलाला तेच ऑडिशन भाडं, खानावळ आणि लोकल यांचा खर्च काढून द्यावं लागतं. घरच्या आधारावर टिकलेला तिसऱ्या वर्षीही हजर असतो आणि संधी हजर असलेल्याला मिळते. याला पुढे 'चिकाटी' असं नाव पडतं.

काहींच्या बाबतीत निवड हा शब्दच अपुरा आहे. पेणच्या गणपती कारखान्यांत, तमाशाच्या फडांत, कीर्तनकारांच्या घरांत कला वारशाने येते आणि मूल हाताशी येतं तेव्हाच कामाला लागतं. याच्या उलट टोकाला जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८). वारली चित्रं ही लग्नविधीत बायकांनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची. ती त्यांनी विधीबाहेर, रोजचं काम म्हणून काढायला सुरुवात केली, पुढे कागदावर आणि कापडावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे निवडण्यासारखा पेशाच अस्तित्वात नव्हता, तो त्यांच्यापासून सुरू झाला.

शहरी-निमशहरी महाराष्ट्रात ओढ बहुतेकदा शाळा-कॉलेजात लागते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा, गॅदरिंग, मग एकांकिका. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी कितीतरी जणांना नाटकाची चटक लावली. तिथे एक गोष्ट घडते: कौशल्य, स्वातंत्र्य आणि टोळी या तिन्ही गोष्टी विसाव्या वर्षी एकदम मिळतात आणि खर्च कॉलेज किंवा घर उचलतं. व्यवसायात पाऊल टाकल्यावर टोळी पांगते आणि खर्च अंगावर येतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत माणसं गळतात ती बहुतेकदा इथे, प्रतिभा संपल्यामुळे क्वचितच.

स्वतःचा आकडा काढायचा कसा

आधी आठवडाभराचा वेळ लिहून काढावा. स्वतंत्र चित्रकाराच्या ४० तासांत प्रत्यक्ष चित्र १५ ते २० तासच होतं. बाकी फोन, कोटेशन, फाइली पाठवणं, पैशांची आठवण करून देणं. नटाचा बराच वेळ प्रवासात आणि वाट पाहण्यात जातो. आवड फक्त त्या पंधरा तासांची असेल आणि बाकीच्यांचा तिटकारा असेल, तर जोडनोकरीचा मार्ग अधिक सुखाचा.

आता दर. समजा घरखर्च महिना ४०,००० म्हणजे वर्षाला ४,८०,०००. लॅपटॉप-टॅब्लेट ९०,००० चा, तीन वर्षं चालणारा, म्हणजे ३०,०००. सॉफ्टवेअर २४,०००, फोन-इंटरनेट १२,०००, आरोग्य विमा २०,०००, सीए १०,०००, म्हातारपणाची बचत ६०,०००. बेरीज ६,३६,०००. बुडीत आणि रिकाम्या महिन्यांसाठी दहा टक्के धरले की जवळपास सात लाख. आता दिवस मोजू. वर्षातून रविवार, सण, आजारपण, गावी जाणं वजा केलं की साधारण २८५ उरतात. त्यांपैकी पैसे लावता येतील असे १२० मिळाले तर चांगलं वर्ष. सात लाख भागिले १२०, म्हणजे दिवसाला सुमारे ५,८००. इथे नवखे हमखास फसतात: ४०,००० भागिले ३० करून १,३०० रुपये रोज सांगतात आणि भरपूर काम असूनही तोट्यात जातात.

हक्कांचा कागद हा दुसरा सापळा. कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) हक्कांचं हस्तांतर लेखीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. पण पैसे घेऊन, सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा किंवा रंगचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढायला सांगणारा असतो. 'चित्र माझं, हक्क माझे' असं गृहीत धरणाऱ्यांना हे उशिरा कळतं. म्हणून वापर कुठे, किती वर्षं, कोणत्या माध्यमात, हे ईमेलवर तरी मान्य करून घ्यावं. गीतकार-संगीतकारांसाठी २०१२ ची दुरुस्ती महत्त्वाची. चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं तर त्याच्या रॉयल्टीतला वाटा त्यांना निर्मात्याला देऊन टाकताच येत नाही, तसा कागद केला तरी.

राहिले थकलेले पैसे. मालिकांच्या धंद्यात ९० दिवसांनी पैसे मिळण्याची वहिवाट आहे, तेव्हा काम मिळालं म्हणजे तीन महिन्यांची बेगमी लागते हे ओघानं आलं. स्वतंत्र काम करणाऱ्याने काम सुरू होण्याआधीच उद्यम पोर्टलवर (लहान उद्योगांच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) नोंदणी करून ठेवावी. ती फुकट आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानुसार गिऱ्हाइकाला करार असला तरी ४५ दिवसांत आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. प्रत्यक्षात तक्रारीपर्यंत क्वचितच जावं लागतं. बिलावर उद्यम क्रमांक आणि या तरतुदीची एक ओळ छापली की मोठ्या कंपन्यांचा लेखा विभाग तुमची फाइल वर घेतो. व्यावसायिक शुल्कातून सहसा दहा टक्के टीडीएस कापला जातो. तो आयकर पोर्टलवर आपल्या नावे जमा दिसतो का हे तिमाहीला पाहावं, कारण कापलेला पण न भरलेला टीडीएस मार्च उलटल्यावर शोधत बसणं फार त्रासाचं असतं. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सक्ती सहसा नाही.

नोकरी सोडायची असेल तर आधी सहा महिने दोन्ही चालवून पाहावं आणि या काळात तीन आकडे लिहावेत: कलेतून हाती आलेली रक्कम, सर्वांत मोठ्या एका गिऱ्हाइकाचा त्यातला वाटा आणि बिल दिल्यापासून पैसे येईपर्यंतचे दिवस. एकाच गिऱ्हाइकाचा वाटा निम्म्याहून जास्त असेल, तर ती बिनापगारी रजेची, बिना पीएफची नोकरीच आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आणि निदान तीन वेगळी गिऱ्हाइकं असतील, तर राजीनामा देता येईल. नसतील, तर मुदत आणखी सहा महिन्यांनी वाढवावी. तोवर कलेसाठी रविवार सकाळ आहेच.